अनुदान सातबाऱ्याला की पेरणाऱ्याला?

बांधकरी:
पीएम किसानचे वर्षाला 6000, वर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6000. हे बारा हजार जातात सातबाऱ्यावर नाव असलेल्याकडे. खंडाने किंवा निम्म्या वाट्याने कसणाऱ्याला त्यातला छदाम नाही. बियाणं, फवारणी, मजुरी त्याची, पावसाने ओढ दिली की नुकसानही त्याचंच. मालक शहरात राहो, प्राप्तिकर भरत नसला म्हणजे झालं. 2023 च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी 5000 मिळाले, तेही पीकपेऱ्याची नोंद असलेल्या खातेदारालाच. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून होणाऱ्या पीक नोंदणीत, पेरा कोणीही केलेला असो, नोंद खातेदाराच्या नावावर चढते. ज्याचं पीक त्याला पैसा मिळायला हवा.

काळी_जमीन:
बोलायला सोपं आहे. खंडकरी कोण हे ठरवणार कशावरून? करार तोंडी असतो, आणि तो तोंडी का असतो हेही सांगा की. 1 एप्रिल 1957 ला कूळ कायद्याने कसेल त्याची जमीन झाली, तेव्हापासून मालकाला कागदाची धास्ती आहे. गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे तलाठ्याच्या वहिवाट नोंदवहीत, दुसऱ्याची वहिवाट लागली की त्याच्या पोटात गोळा येतो. एकाच माणसाकडे सलग तीन-चार हंगाम रान ठेवत नाहीत ते यामुळेच. अनुदान वहिवाटीला जोडाल तर मालक रान खंडाने देणंच बंद करील आणि गडी लावून पेरील. मग खंडकऱ्याचं काय भलं झालं?

बांधकरी:
आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये त्यावरच कायदा केला. कसणाऱ्याला 11 महिन्यांचं कार्ड, मालकी हक्काला धक्का नाही.

काळी_जमीन:
आणि कार्डाला मालकाची सही लागते! घोडं तिथेच अडलं. आपल्याकडेही पीक विम्यात खंडकऱ्याला मनाई नाही, फक्त नोंदणीकृत भाडेकरार हवा. एका हंगामासाठी तो कोण करतो?

ठिबकवाला:
तुम्ही दोघं बारा हजारांवर भांडताय. ठिबकचं बघा. केंद्राच्या योजनेत अल्पभूधारकाला 55 टक्के आणि इतरांना 45, राज्य भर घालून ते 80 आणि 75 करतं, मर्यादा 5 हेक्टर. पण टक्केवारी बिलावर नाही, मंजूर मापदंडावर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या खर्चावर. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, निवड, कागदपत्रं, पूर्वसंमती, मग अधिकृत विक्रेत्याकडून संच, बिल अपलोड, शेवटी रानात येऊन मोका तपासणी. पूर्वसंमतीच्या आधीची तारीख बिलावर दिसली की अर्ज बाद. सामायिक खात्यात एका भावाने संमती दिली नाही की अडकला. बँक खात्याला आधार जोडलेलं नसेल तर मंजूर रक्कमही परत फिरते. आणि बहुतेक वेळा संचाचे सगळे पैसे आधी शेतकऱ्यानेच भरायचे. म्हणजे 80 टक्के कागदावर अल्पभूधारकाला असले, तरी हातात रोकड असलेलाच ते उचलतो. खंडकऱ्याचा तर प्रश्नच नाही, दुसऱ्याच्या रानात ठिबकच्या नळ्या कोण अंथरील?

चाड्यावर_मूठ:
एक दुरुस्ती. पीएम किसानला प्रत्येक सातबारावालाही चालत नाही. 1 फेब्रुवारी 2019 नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर मिळत नाही, वारसाने आली असेल तर मिळतं. चतुर्थ श्रेणी कर्मचारी सोडून दरमहा 10 हजार किंवा जास्त पेन्शन घेणारेही बाद.
कसणाऱ्यापर्यंत खरं पोचतं ते खताचं अनुदान. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा लावून. अर्थात जास्त गोण्या टाकणाऱ्याला जास्त अनुदान, हाही न्यायच म्हणायचा!

काळी_जमीन:
म्हणून म्हणतो, आधी 11 महिन्यांच्या लेखी कराराने कूळ लागणार नाही, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसणार नाही, हे कायद्यात स्वच्छ लिहा. अनुदानाची वाटणी त्यानंतर.

बांधकरी:
करार मान्य. पण त्यात नुकसानभरपाई कोणाच्या खात्यात जमा होणार, हे कलम पहिल्याच पानावर हवं. खंड आगाऊ घेऊन बसलेल्या मालकाच्या खात्यात गारपिटीची भरपाई जमा झाली, तर तो ती परत देईल असं तुम्हाला वाटतं का?