मदत हवी आहे : मुलगा बोलत नाही, थेरपीला वेटिंग आहे, तोवर घरी नेमकं काय करायचं? (नाशिक)

अर्धविराम
मुलगा सव्वादोन वर्षांचा, बोलत नाही. डॉक्टरांनी ऑटिझमची शक्यता सांगून स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) लिहून दिलंय, पण नाव नोंदवलं तिथे दीड महिना वेटिंग. तोवर नुसतं बसून राहायचं नाहीये. 'मुलाशी भरपूर बोला' हे कृपया सांगू नका, ते दिवसभर चालूच आहे. 'आमच्याकडचा एक पाच वर्षांनी बोलला' हेही नको. काय करायचं, किती वेळ, कसं, एवढंच हवंय. सिडकोत राहतो.

रानमेवा
'बोलत नाही' एवढ्यावर काही सांगता येणार नाही. कान तपासलेत का? काही हवं असेल तर काय करतो? बोट दाखवतो का, आणि दाखवत असेल तर फक्त मागायला की 'ते बघ' म्हणूनही? हाकेला बघतो? आधी बोललेले शब्द गेलेत का? घरात कोणत्या भाषा?

हेमाडपंती
वेखंड उगाळून मधातून जिभेवर चाटवा, रोज सकाळी. जीभ जड असते काही मुलांची. खाली तोंडाच्या तळाला चिकटलेली असेल तर डॉक्टर छोटा काप देतात.

अर्धविराम
कान ठीक आहेत, जन्मल्यावर टेस्ट पास झाली होती. हाकेला बघत नाही, पण चिप्सचं पाकीट वाजलं की आतल्या खोलीतून येतो, म्हणजे ऐकू येतंय. बोट दाखवत नाही, माझा हात धरून फ्रिजकडे नेतो. शब्द गेले वगैरे नाही, आलेच नाहीत. घरी मराठी, सासूबाई अहिराणी बोलतात. आता उत्तर मिळेल का?

रानमेवा
मिळेल, पण कानाचं आधी. जन्मल्यावर करतात ती बहुतेक ठिकाणी ओएई, म्हणजे आतल्या कानाची झटपट चाचणी. ती तेव्हाचं सांगते, आजचं नाही. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठून राहिलं तर नंतरही कमी ऐकू येतं. ओएई पास होऊनही कानाच्या नसेत दोष असू शकतो. पाकिटाच्या आवाजावरून बोलण्यातले सगळे आवाज ऐकू येतात असं ठरत नाही. बेरा (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात) आणि टिम्पॅनोमेट्री (पडद्यामागे पाणी आहे का ते बघतात) दोन्ही करून घ्या. बेरा झोपेत करतात, त्यामुळे त्या दिवशी त्याला लवकर उठवा आणि रिक्षात डुलकी लागू देऊ नका. तिथे जाऊन टक्क जागा राहिला की तारीख फुकट जाते. तोवर घरचं काम थांबवायची गरज नाही.

वेखंडाबद्दल : त्यात बीटा-असारोन असतं, ते सुरक्षित मानलं जात नाही. शिवाय जीभ चिकटल्याने उच्चार बोबडे होतील, बोट दाखवणं कशाला थांबेल? ते जिभेचं काम नाही.

हेमाडपंती
आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात, कुणाला काही झालेलं ऐकलं नाही.

जाई_जुई
अर्धविराम, हात धरून नेतो ही सुरुवात चांगली आहे. त्याला कळलंय की काम माणसाकडून होतं. फक्त तो तुमचा हात वापरतोय, तुमच्याशी बोलत नाहीये. पहिलं काम शब्दाचं नाही, हे वळण बदलायचं.

त्याच्या आवडीचा खाऊ, समजा मुरमुरे, पारदर्शक डब्यात भरा. झाकण फिरकीचं, त्याला उघडता येणार नाही असं. डबा दिसेल पण हाताला येणार नाही असा ठेवा. तो तुमचा हात ओढेल. जा, पण डबा उघडू नका. त्याच्या उंचीला खाली बसा, डबा स्वतःच्या हनुवटीजवळ धरा आणि गप्प राहा. मनात पाच ते दहा आकडे मोजा. इथेच सगळे चुकतात, दोन सेकंदांत 'काय हवंय बाळा? मुरमुरे हवेत? बोल, मु-र-मु-रे' सुरू होतं. काहीच आलं नाही तर त्याचा हात कोपरापाशी हलकेच पुढे सरकवून तळवा उघडा करा, 'दे' म्हणा आणि लगेच द्या. चार-पाच दाणेच. मूठभर दिलेत तर पुढच्या वेळेला मागायचं कारणच उरत नाही.

काही दिवसांनी कोपराला नुसता स्पर्श, मग तोही नाही. तळवा आपणहून पुढे येऊ लागला की तळव्याचं बोट करायला शिकवा. नजर, आवाज, हात, जे येईल ते 'मागितलं' धरायचं. 'दे म्हटल्याशिवाय मिळणार नाही' असं करू नका. रडारड होते आणि मूल डब्यापासूनच पळायला लागतं.

शब्द असे घ्या जे रूप बदलत नाहीत : दे, उघड, अजून. चहा हवा, पोळी हवी, बिस्किट हवं या भानगडीत सुरुवातीला पडू नका. आणि 'तुला पाणी पाहिजे?' असं विचारू नका. ही मुलं पुष्कळदा ऐकलेलं जसंच्या तसं म्हणतात, मग पाणी हवं की 'तुला पाणी पाहिजे' असंच येतं. त्याने जे म्हणायचं तेच तुम्ही म्हणा : 'पाणी दे'.

मी_पंचवटीकर
डबा वगैरे ठीक, पण शिस्त हवी. छोटं टेबल, समोरासमोर खुर्च्या, 'माझ्याकडे बघ', बघितलं की खाऊ. असे दहा-दहाचे संच, वहीत नोंद. बाकी सगळं हवेतलं.

जाई_जुई
नोंद ठेवा, त्याबद्दल वाद नाही. पण 'माझ्याकडे बघ' म्हणून बघायला लावलेलं मूल खुर्चीवरच बघतं, अंगणात नाही. आणि सत्तावीस महिन्यांच्या मुलाला खुर्चीत डांबून नजरेला नजर कशाला? डेन्व्हर मॉडेल ही ऑटिझमच्या लहान मुलांना खेळातून शिकवायची पद्धत याच वयासाठी आहे. २०१० साली त्याची चाचणी छापून आली ती १८ ते ३० महिन्यांच्या मुलांवर. तीत उत्तेजन, पुनरावृत्ती, मोजणी सगळं आहे, पण जमिनीवर, खेळात.

मी_पंचवटीकर
त्यात आठवड्याला वीस तासांचा थेरपिस्ट ठरलेला होता. तो सिडकोत कुठून आणणार?

जाई_जुई
म्हणून तर तास काढून बसवायचं नाही. खाणं, अंघोळ, कपडे, जिना, झोपायच्या आधीचा दंगा, यात पाच-सात मिनिटांचे तुकडे पाडा, दिवसभरात दहा-बारा.

दंग्यातलं एक सांगते. दोघांनी चादरीची टोकं धरा, त्याला मधे उताणा, तोंड तुमच्याकडे. 'एक, दोन, तीन' आणि झोका. दोन-तीनदा अगदी तसंच, तोच सूर. मग 'एक, दोन…' आणि थांबा. तो पाय झाडेल, हसेल, 'ई' करेल, क्षणभर वर बघेल. त्याच क्षणी 'तीन!' आणि झोका. उशीर केलात तर जोड लागत नाही. 'म्हण तीन' म्हणू नका. दर वेळी नवा खेळ काढू नका, ठरलेल्या क्रमामुळेच त्याला पुढचं ओळखता येतं. अंग ताठ केलं किंवा मान फिरवली तर बंद, त्याला नको आहे.

डबलरोटी
मोबाईल किती तास देता? आजकाल सगळं त्यामुळेच. बंद करा, महिन्यात बोलेल.

रानमेवा
दोन वर्षांपुढे जागतिक आरोग्य संघटना तासाभराची मर्यादा सांगते, कमी तेवढं बरं. बंद करणं चांगलंच, ते तास माणसांबरोबर जातात. पण मोबाईलमुळे ऑटिझम होतो आणि तो बंद केला की जातो हे खरं नाही. आणि बंद केलेल्या वेळेत काय करायचं हे ठरवलं नाही तर मूल पंख्याकडे बघत बसतं.

अर्धविराम
दोन तास. जेवताना. फोटोची कार्डं म्हणे देतात, ती घरी करू का? सासूबाई म्हणतात त्याने आळशी होईल.

मी_पंचवटीकर
त्यांचं बरोबर आहे. चित्र दाखवून मिळत असेल तर कोण बोलेल?

जाई_जुई
चित्रांमुळे बोलणं थांबतं असं संशोधनात दिसलेलं नाही, काहींचं थोडं वाढलेलंच दिसतं. पण पेक्स, म्हणजे चित्र हातात देऊन मागायची पद्धत, करायची तर नीट करा. सुरुवातीला एकच चित्र, पाच सेंमीच्या आसपास, लॅमिनेट केलेलं. माणसं दोन लागतात. समोरचा खाऊ धरून तळवा पसरतो आणि गप्प. मागचा मुलाचा हात धरून चित्र उचलून समोरच्याच्या हातात द्यायला लावतो, तोही गप्प. चित्र हातात पडलं की समोरचा 'मुरमुरे!' म्हणून लगेच देतो. एकटीने समोर बसून केलंत तर मूल तुमच्या इशाऱ्याची वाट बघायला शिकतं. आणि फ्रिजवर वीस चित्रं चिकटवू नका. ती शोभेची होतात.

जेवताना मोबाईल एकदम काढू नका, उपाशी राहील. आधी नाश्त्याचा काढा, तो सुटला की पुढचा.

गोदाकाठ
अहिराणीबद्दल कुणी बोललं नाही. काही ठिकाणी 'एकच भाषा ठेवा' सांगतात, ते ऐकू नका. दोन भाषांनी ऑटिझम वाढत नाही. आजीला तोडकी मराठी बोलायला लावलीत तर ती गप्प होईल, मग मुलाशी खेळणारं एक माणूस कमी. आजीने 'दे' तिच्या भाषेत म्हणावं.

तसंच, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतून शीघ्र हस्तक्षेप केंद्रं चालतात, मोफत. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये चौकशी करा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या पथकाकडूनही तिथे चिठ्ठी मिळते. खासगीत गेलात तर स्पीच थेरपिस्टचा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. न चिडता सांगतील ते ठीक.

डबलरोटी
सिव्हिलला सकाळी नऊच्या आत. सीबीएस बसस्थानकापासून पुढे कुंभाच्या कामांनी काय चालू असेल सांगता येत नाही.

मी_पंचवटीकर
मुंबई नाक्यावरून जाऊच नका. मायको सर्कलकडून.

डबलरोटी
मायको सर्कल? सकाळी? तुम्ही शेवटचं कधी गेला होतात?

हेमाडपंती
ऑटिझमवर स्टेम सेल निघालंय म्हणे, ते बघा.

रानमेवा
बघू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच ऑटिझमवर उपचार म्हणून त्याची शिफारस नाही असं स्पष्ट केलंय. लाखो रुपये जातात.

अर्धविराम, एम-चॅटची, म्हणजे ऑटिझमची शक्यता पडताळायला पालकांनी भरायची, वीस प्रश्नांची यादी भरून ठेवा, ती १६ ते ३० महिन्यांपर्यंतच चालते, म्हणजे तुमच्याकडे फार वेळ नाही. गुण तीन ते सात आले तर पुढचे प्रश्न विचारतात, आठ किंवा जास्त असतील तर थेट तपासणी. शिवाय डब्याजवळचा आणि चादरीचा एक-एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या. दवाखान्यात ही मुलं खेळत नाहीत, डॉक्टरांना घरातलं दिसू दे.

अर्धविराम
बेराची तारीख घेतली, गुरुवार. फिरकीचा डबा तो दाताने उघडतोय.

जाई_जुई
मग क्लिपवाला घ्या, चारही बाजूंनी लागणारा. बरणी नको, काचेची तर नकोच.