मदत हवी आहे: टूरवर जाणाऱ्या मुलांचे पैसे अडकतात, पद्धत कशी बसवू?

नमस्कार. भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत मी अकरा वर्षं अकाउंट्स बघते. एअर कॉम्प्रेसर बसवणं आणि त्यांचं सर्व्हिसिंग हे आमचं काम. माणसं पंचेचाळीस, त्यातले सात सर्व्हिस इंजिनिअर कायम बाहेर: वाळूज, सातपूर, कागल आणि गेल्या वर्षापासून गुजरात. त्यांचे टूरचे हिशोब तपासायचे, व्हाउचर करायचं, साहेबांची सही घेऊन पैसे टाकायचे, हे सगळं माझ्याकडे. आजवर ओढूनताणून निभावलं, पण गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर हे असंच चालू ठेवायला माझं मन तयार नाही.

आमचा एक मुलगा, हातात पगार २६,०००, नऊ दिवस अंकलेश्वरला होता. निघताना ५,००० उचल दिली होती. काम लांबलं, गिऱ्हाइकाने थांबवून घेतलं. आल्यावर त्याने हिशोब दिला: लॉज ९,२४०, रेल्वे जाऊन-येऊन १,१३०, रिक्षा १,४६०, जेवण २,८४०. एकूण १४,६७०. म्हणजे ९,६७० त्याने स्वतःच्या खिशातून घातले.

लॉजचं बिल त्याच्या स्वतःच्या नावावर. कंपनीचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. साहेब म्हणाले, जीएसटीचं क्रेडिट (बिलात भरलेला कर आपल्या देण्यातून वजा करता येतो तो) बुडलं, बिल बदलून आणल्याशिवाय पास करू नका. मी लॉजवाल्याला तीनदा फोन केला. त्याचं रिटर्न भरून झालंय, तो आता बिलाला हात लावायला तयार नाही. जेवणाच्या सात बिलांपैकी चार कोरी. अक्षरशः कोरी. ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघितलं तेव्हा एकावर 'थाळी' एवढं लागलं, रक्कम नाहीच. रिक्षाला तर बिल कुठून आणणार?

सहा आठवडे तो हिशोब माझ्या ट्रेमध्ये पडून आहे. मला सगळ्यात जास्त टोचतं ते टॅलीतलं, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधलं, त्याचं लेजर (खातं). व्हाउचर पास झालेलं नाही म्हणून तिथे फक्त उचल दिसते: ५,००० नावे. म्हणजे कंपनी त्याचे ९,६७० देणं लागते आणि वही सांगते की तोच कंपनीचे ५,००० देणं लागतो. परवा तो टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, दहा तारखेच्या आत होईल का? गाडीचा हप्ता जातो." मला उत्तर देता आलं नाही.

साहेब वाईट नाहीत. पूर्वी एकाने खोटी बिलं लावली होती, तेव्हापासून त्यांनी 'बिल नाही तर पैसे नाहीत' हा नियम धरलाय. मला त्यांच्यासमोर एक पक्की पद्धत ठेवायची आहे. उचल किती द्यावी? जेवण बिलावर द्यावं की रोजचा ठरावीक भत्ता? भत्ता दिला तर तो पगारात धरून त्यावर टॅक्स कापावा लागतो का? बिल हरवलं, पुसलं तर काय करायचं? आणि या लॉजच्या बिलाचं काय? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी पुण्यात टॅक्सची कामं बघतो. आधी लॉजचं सांगतो, कारण त्या मुलाचे पैसे ज्या कारणासाठी थांबलेत ते कारणच खरं नाही. तुमची जीएसटी नोंदणी फक्त महाराष्ट्रात असेल, तर अंकलेश्वरच्या लॉजवरचं क्रेडिट तुम्हाला कंपनीच्या नावाचं बिल असतं तरी मिळालं नसतं. राहण्याच्या जागेचा कर ती जागा ज्या राज्यात आहे तिथला लागतो. लॉजवाल्याने केंद्राचा आणि गुजरातचा जीएसटी लावला असणार, तो महाराष्ट्रातल्या नोंदणीवर घेता येत नाही. ९,२४० मधला करही तुमचा खर्चच आहे. हे साहेबांना असंच्या असं दाखवा.

वाळूज, नाशिक, कोल्हापूरच्या लॉजवर मात्र कंपनीचं नाव आणि नंबर घ्यायलाच हवा, तिथे क्रेडिट खरंच बुडतं. विमान आणि रेल्वेचा एसी वर्ग यांचं उलट आहे. बुकिंग करतानाच कंपनीचा नंबर टाकला तर प्रवास कुठलाही असो, क्रेडिट महाराष्ट्रात मिळतं. विमानाचं कर-बिल तिकिटापेक्षा वेगळं असतं, ते नंतर आठवणीने उतरवून घ्यावं लागतं. जेवणावरच्या जीएसटीचं क्रेडिट कायद्यानेच बंद आहे, तेव्हा थाळीच्या बिलावर जीएसटी नंबर नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका.

भत्त्याचं: कामाच्या टूरवरचा रोजचा भत्ता प्रत्यक्ष खर्च झाला तेवढ्यापुरता करमुक्त असतो, नव्या करप्रणालीतही. रक्कम वाजवी ठेवा आणि कुठे, किती दिवस, कोणतं काम हे लिहिलेला टूर रिपोर्ट जोडा. सरसकट दर महिन्याला सगळ्यांना वाटलात तर तो पगारच धरला जाईल.

अजून एक. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च आयकरात धरत नाहीत. तुमचा मुलगा अजून एक रात्र राहिला असता आणि एकरकमी रोख दिले असते तर रेघ ओलांडली असती. लॉजचे पैसे यूपीआयनेच द्यायला सांगा. नाव चुकलं तरी बँकेचा पुरावा उरतो.

प्रतिसाद २

मी चौदा वर्षं फील्डवर आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. थर्मल कागदाची बिलं उन्हाने, उष्णतेने उडतात. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली तर आणखी लवकर. बाइकच्या टाकीवरच्या बॅगेत चार दिवस राहिलं की संपलं. बिल हातात आलं की काउंटरवरच फोटो काढायचा आणि अकाउंट्सला पाठवायचा, खोलीवर जाऊन नाही. रात्री अकराला साइटवरून आलेला माणूस बिलं चिकटवत बसत नाही हो.

जेवणाला ठरावीक भत्ताच द्या. आम्ही खातो टपरीवर, तिथे बिल मागितलं तर तो तोंडाकडे बघतो. बिलासाठी मग महागड्या हॉटेलात जावं लागतं, म्हणजे कंपनीचाच खर्च वाढतो. आणि काम लांबलं तर हिशोब परत येईपर्यंत थांबवू नका. दर शनिवारी जेवढं झालं तेवढं पास करा, पुढची उचल टाका. आमच्याकडे प्रत्येकाकडे ८,००० कायमची उचल असते. खर्च दाखवला की तेवढी भरून येते, नोकरी सोडताना हिशोबात वळती होते.

प्रतिसाद ३

नाशिकहून, मीही अकाउंट्समध्येच. बिल मिळणं शक्यच नाही अशा खर्चाला आम्ही एक छापील चिठ्ठी ठेवली आहे: तारीख, कुठून कुठे, रक्कम, स्वतःची सही, खात्याच्या प्रमुखाची सही. एका चिठ्ठीला ३०० ची मर्यादा. त्यामुळे खोट्या बिलांची भीती बरीच गेली, कारण आता खोटं बिल आणायची गरजच कुणाला पडत नाही. स्वतःच्या बाइकला किलोमीटरने दर, निघताना आणि पोचल्यावर मीटरचा फोटो. चारचाकीने गेले तर टोलला फास्टॅगचं स्टेटमेंट.

तुमच्याकडे मुली टूरवर जात असतील तर एसटीचं तिकीट तपासताना लक्षात ठेवा, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं आहे. आमच्याकडे एकाच गाडीने गेलेल्या दोघांची तिकिटं वेगळ्या रकमेची का, म्हणून एका मुलीचा क्लेम विनाकारण थांबला होता.

आणि तारीख दोन्हीकडून बांधा. टूरवरून आल्यावर पाच दिवसांत हिशोब द्यायचा, दिल्यावर सात दिवसांत पैसे. दुसरी अट लेखी नसेल तर पहिलीचा उपयोग नाही.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. गुजरातच्या क्रेडिटचा मुद्दा आमच्या सीएंकडून पक्का करून घेतला आणि साहेबांसमोर ठेवला. त्यांनी बिल दोनदा वाचलं आणि सही केली. काल संध्याकाळी ९,६७० त्याच्या खात्यात गेले, कोऱ्या बिलांचे पैसेही त्याच्या लेखी सहीवर धरले. लेजर शून्यावर आलंय.

कायमची उचल सध्या तिघांनाच मंजूर झाली, गुजरातला जाणाऱ्यांना. चिठ्ठीची पद्धत एक तारखेपासून. सात दिवसांची अट साहेबांनी दहा केली, पण लेखी दिली. आता भत्त्याचा आकडा ठरवायचा आहे. अंकलेश्वर, वापी आणि सुरत इथे राहून दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा धरून सध्या किती लागतात, तिकडे नेहमी जाणाऱ्यांनी सांगाल का? सोमवारी साहेबांना कागद द्यायचा आहे.