झी : चार टक्क्यांच्या मालकाचा शेअर घ्यावा का?

ताळेबंद : प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या मालक कुटुंबाकडे, जेमतेम ४ टक्के शेअर असलेल्या कंपनीत पैसे घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. झी एंटरटेनमेंट विका आणि मोकळे व्हा.

जुना भागधारक : हे वाचून राहवलं नाही. हिस्सा जुलै २०२५ मध्ये ३.९९ टक्के होता, मान्य. पण तो चॅनेलांचा धंदा बुडाला म्हणून घटला नाही. समूहाच्या दुसऱ्या व्यवसायांच्या कर्जापोटी शेअर गहाण होते, २०१९ मध्ये ते विकावे लागले. बरं, तुमचा मुद्दा खरा धरला, तर जुलै २०२५ मध्ये प्रवर्तक १३२ रुपयांनी १६.९५ कोटी वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क) घेऊन हिस्सा १८ टक्क्यांवर न्यायला निघाले, तेव्हा तुमच्यासारख्यांनीच प्रस्ताव पाडला! हिस्सा कमी म्हणून ओरडायचं आणि वाढवू द्यायचा नाही?

ताळेबंद : वॉरंट म्हणजे काय ते आधी बघा. सुरुवातीला फक्त २५ टक्के, म्हणजे शेअरमागे ३३ रुपये. उरलेले ९९ भरायला १८ महिने. भाव चढला तर १३२ मध्ये शेअर हातात, पडला तर ३३ सोडायचे. म्हणजे जोखीम चौथाईची. कंपनीवर एवढा विश्वास आहे तर बाजारातून रोख घ्यावेत.

केबलवाला : तुम्ही दोघं हिश्शातच अडकलात. वार्षिक अहवालात 'इन्व्हेंटरी', म्हणजे विकत घेऊन अजून खर्चात न टाकलेल्या हक्कांचा साठा, ही ओळ काढा. चित्रपटांच्या हक्कांचे पैसे आधी जातात, खर्च मात्र वर्षानुवर्षं थोडाथोडा दाखवला जातो. त्यामुळे नफा दिसतो आणि रोकड दिसत नाही. पाच वर्षांचा निव्वळ नफा आणि पाच वर्षांची कामकाजातली रोकड शेजारी मांडा. इन्व्हेंटरी विक्रीपेक्षा जोरात वाढत असेल, तर पुढे ती निर्लेखित होण्याची, म्हणजे तोटा म्हणून खात्यातून काढावी लागण्याची, शक्यता धरून चाला.

जुना भागधारक : हे बरोबर. पण प्रस्ताव पडला तो याने नाही, मतांनी पडला. बाजूने ५९.५ टक्के, आणि विशेष ठरावाला ७५ लागतात. न टाकलेलं मत मोजतच नाहीत, त्यामुळे गुंतवणूकदार संस्थांचं वजन आपोआप वाढतं. छोटे भागधारक झोपलेले असतात!

ताळेबंद : झोपलेले नाहीत, कंटाळलेले आहेत. सूचनेची ईमेल स्पॅममध्ये पडते.

केबलवाला : ईमेलची वाट बघताच कशाला? डीमॅट सीडीएसएल या डिपॉझिटरीत (शेअर जपून ठेवणारी संस्था) असेल तर तिची 'इझी' ही ऑनलाइन सेवा, एनएसडीएलमध्ये असेल तर 'आयडियाज'. तिथल्या 'ई-व्होटिंग'मध्ये कंपनी दिसते. मतदान दुसऱ्या डिपॉझिटरीच्या संस्थेवर असलं तरी तिथूनच पुढे जाता येतं. कट-ऑफ तारखेला, म्हणजे मताचा हक्क ठरतो त्या दिवशी, शेअर खात्यात हवेत; आदल्या दिवशी घेतलेले त्या दिवशी जमा झाले नाहीत, तर मत नाही. खिडकी किमान तीन दिवस उघडी असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होते. एकदा दिलेलं मत बदलता येत नाही, म्हणून ठरावाचा क्रमांक वाचून मगच बटण दाबा.

जुना भागधारक : नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रवर्तक कुटुंबातले पुनीत गोएंका यांची संचालकपदी फेरनिवड पडली, तीही निम्म्याच्या आसपासच्या मतांवर! साधा ठराव होता, निम्म्याहून जास्त मतं पुरतात. थोडी मतं इकडेतिकडे झाली असती तर निकाल उलटला असता. भागधारक ताकदवान नाहीत असं म्हणू नका.

ताळेबंद : म्हटलं नव्हतं. पण मत देऊन धंदा सुधारत नाही. सोनीशी विलीनीकरण डिसेंबर २०२१ मध्ये ठरलं, २२ जानेवारी २०२४ ला मोडलं, आणि दुसऱ्या दिवशी शेअर ३० टक्क्यांहून जास्त पडला. समोर रिलायन्स-डिस्नेची एकत्र झालेली कंपनी उभी आहे. त्या वेळी कुणाचं मत उपयोगी पडलं?

जुना भागधारक : विलीनीकरणाच्या आशेवर घेतलेल्यांचं ते नुकसान. भाव त्या सौद्याचाच होता, हे मात्र मला मान्य करावं लागेल.

ताळेबंद : आणि वॉरंटऐवजी हक्कभाग काढले असते तर मी बाजूने मत दिलं असतं, हेही लिहून ठेवा. सगळ्यांना एकाच भावाने, आपापल्या हिश्शाप्रमाणे.

केबलवाला : त्यावर दोघांचं एकमत व्हायला हरकत नाही. आता ती इन्व्हेंटरीची ओळ बघा.