चोर्ला घाटाने गोव्याला: हवा ३३ भरायची, ३५ की ३६?

शहापूर_बेळगाव:
हॅचबॅक आहे, टायर १८५/६५ आर १५, ट्यूबलेस. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर चारही चाकांना ३३ दिलंय, आणि पाच माणसं व सामान असेल तर पुढे ३३, मागे ३६. टायरच्या कडेवर मात्र कमाल ५१ पीएसआय असं उठवलेलं आहे. पंपावर काही न विचारता सगळ्यांना ३५ भरतात. पाच जण, डिकी भरून, जांबोटी-कणकुंबीवरून पणजीला जायचंय. नेमकी किती भरू? आणि गोव्याच्या उकाड्यात थोडी काढावी लागते का?

उद्यमबाग_चाकवाला:
पुढे ३३, मागे ३६, आणि तीही टायर थंड असताना. या तीन आकड्यांत स्टिकर सोडून बाकीचे विसरा की.

५१ हा टायर बनवणाऱ्याचा आकडा: याच्या वर हवा नेऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. तोच टायर हलक्या गाडीलाही बसतो आणि जडलाही, त्यामुळे तुमच्या गाडीला किती हवी हे टायरवर असूच शकत नाही. ते ठरतं पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलवर किती वजन येतं त्यावर, आणि तो हिशोब गाडीच्या कंपनीने करून स्टिकरवर दिलेला असतो. काही गाड्यांत स्टिकर पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. किलोपास्कलमध्ये असेल तर २३० म्हणजे ३३ आणि २५० म्हणजे ३६.

पंपावरच्या ३५ ची खरी अडचण वेगळी आहे. गाडी चालून गेली की टायर तापतो आणि काटा ४-५ पीएसआय जास्त दाखवतो. तापलेल्या टायरमध्ये ३५ केले तर सकाळी थंडपणी ३०-३१ च उरतात. लोक समजतात हवा थोडी जास्तच आहे, आणि गाडी प्रत्यक्षात कमी हवेवर पळते. कमी हवा जास्त धोक्याची. प्रत्येक फेऱ्याला टायरची कड दुमडते, आत उष्णता साठते, रबर आणि दोऱ्याचे थर सुटायला लागतात. महामार्गावर भर वेगात टायर फुटण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

थंड म्हणजे किमान ३ तास उभी असलेली, किंवा फार तर २ किलोमीटर हळू चाललेली गाडी. पंप लांब असेल तर असं करा. स्वतःचा काटा घ्या, सकाळी घरीच मोजा. समजा २९ निघाले, पाहिजेत ३३, म्हणजे ४ कमी. पंपावर पोचल्यावर तोच काटा लावा. आता ३२ दाखवला तर ३६ करा. म्हणजे जे कमी होतं तेवढंच वर घालायचं. पंपाचा काटा चुकीचा असला तरी काही बिघडत नाही, कारण दोन्ही वेळा मोजलंय तुमच्याच काट्याने.

भरून झाल्यावर व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. बुडबुडा आला तर आतली पिन घट्ट करा किंवा बदला. टोपण लावायला विसरू नका, घाटातली लाल माती पिनेत बसली की हवा हळूहळू उतरत राहते. परत आल्यावर मागची ३६ पुन्हा ३३ वर आणा. एकट्याने फिरताना मागे जास्त हवा राहिली तर टायर मधोमध झिजतो आणि पावसात पकड कमी होते.

स्टेपनीही बघा. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला बहुतेक ६० लागते. ३३ नव्हे.

खानापूरकर:
गोव्यात हवा काढायची गरज नाही. कारण सांगतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, पणजी जवळपास शून्यावर. खाली उतरलं की बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, म्हणून काट्यावर साधारण सव्वा पीएसआय कमी दिसतो. उलट दर ६ अंशाला साधारण १ पीएसआय वाढतो. बेळगावची पहाट २० अंशांची आणि पणजीची २६ ची धरली तर दोन्ही जवळजवळ फिटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे मोजलंत तर आकडा जिथल्या तिथे सापडेल.

ऋतूचा फरक मात्र मोठा. एप्रिलच्या दुपारी ३६ अंशांत सावलीतल्या गाडीत भरलेली ३३, डिसेंबरच्या पहाटे १४ अंशांत २९-३० वर येते. शिवाय महिन्याला १-२ पीएसआय आपोआप उतरते ती वेगळीच. दिवाळीनंतर न चुकता मोजा.

उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये या. सतत ब्रेक दाबला की ड्रमची आणि डिस्कची उष्णता रिममार्गे टायरपर्यंत जाते.

निपाणी_ऊसवाला:
थोडं विषयाबाहेर, पण ट्रॅक्टरवाले वाचत असतील तर. शेतात मागच्या चाकांना साधारण १२-१४ ठेवतात, म्हणजे चाक पसरून बसतं, घसरत नाही, जमीन दबत नाही. तीच हवा ठेवून उसाची ट्रॉली ओढली तर डांबरावर गुठ्ठे भराभर झिजतात आणि टायर रिमवर फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. कारखान्याच्या रस्त्याला १६-१८ करा, नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात बघा. चाकात पाणी भरलेलं असेल तर व्हॉल्व्ह वर आणूनच मोजा, नाहीतर पाणी काट्यात शिरतं.

शहापूर_बेळगाव:
समजलं. एकच राहिलं: पणजीत पोचल्या पोचल्या मागे ४० दिसले तर? आणि नायट्रोजन भरू का?

उद्यमबाग_चाकवाला:
४० दिसले तरी हात लावू नका ओ. ३६ वर आणलीत तर रात्री थंड झाल्यावर ३२ उरतील, आणि परतीला घाट चढायचाय भरल्या गाडीने. एकाच चाकात बाकीच्यांपेक्षा ३-४ कमी दिसले तर मात्र ते चाक तपासा, खिळा असण्याची शक्यता जास्त. नायट्रोजन चालतो, पण साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. पैसे देऊन भरलात तरी महिन्याला मोजणं सुटत नाही. वाटेत साधी हवा भरावी लागली तर बिनधास्त भरा, दोन्ही मिसळलं तरी चालतं.