गुडघा बदलण्याआधी वजनाचं बघा

दादा, ‘गुडघे झिजलेच, आता वजन उतरवून काय फायदा, सरळ बदलून टाका’ असं तुम्ही लिहिलं. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली हाडांवरची गादी, परत येत नाही, हे खरं. पण एक किलो वजन उतरलं तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं हलका होतो. २००५ च्या एका अभ्यासात हे मोजलं आहे. आमची माय दिवसभर पऱ्हाटीत कापूस वेचते. पावलं किती होतात, तुम्हीच बघा.

आणि नुसता भारच नाही. चरबीतून सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात जातात, म्हणून जाड माणसाच्या हाताच्या बोटांनाही संधिवात जास्त. बोटांवर तर कोणी चालत नाही, बाप्पा!

ऑस्ट्रेलियात गुडघा बदलायला थांबलेल्या ८२ लठ्ठ रुग्णांपैकी ४१ जणांच्या जठराला आधी, वजन उतरावं म्हणून, आवळणारा पट्टा बसवला. २०२२ साली निकाल छापून आला: त्यातल्या १२ जणांनी बरं वाटतं म्हणून गुडघ्याचं ऑपरेशनच नाकारलं. आता पट्ट्यापेक्षा स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून ते नळीसारखं करणं) आणि बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणं) जास्त करतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी आतल्या जोडावर अल्सर होऊ शकतो. आपल्याकडे तर गुडघा ठणकला की मेडिकलवाला हीच गोळी पुडीत बांधून देते! शिवाय बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर घ्यावं लागतं. नागपूरला डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे आधी विचारा, खर्चाचं मग.