मदत हवी आहे: सनफिशची पिल्लं आठवड्यापुढे जगत नाहीत

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते. इथल्याच पाइन बॅरन्स या जंगली भागातल्या चहासारख्या तांबूस, आम्लधर्मी पाण्यात सापडणारे ब्लूस्पॉटेड सनफिश हे छोटे मासे घरी पाळलेत. एक नर, दोन माद्या, २० गॅलनची टाकी, स्पंज फिल्टर, भरपूर हॉर्नवर्ट आणि जावा मॉस या पाणवनस्पती. हिवाळाभर टाकी बेसमेंटमध्ये थंड ठेवली, एप्रिलमध्ये पाणी हळूहळू २२ अंश सेल्सिअसवर आणलं. नराचा रंग गडद झाला, निळे ठिपके असे उठून दिसायला लागले की नजर हटेना, आणि मॉसमध्ये अंडी पडली.

तिसऱ्या दिवशी अंडी फुटली. पिल्लं म्हणजे काचेला चिकटलेले स्वल्पविराम! पोहायला लागल्यावर इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) आणि सूक्ष्म शेवाळाचं हिरवं पाणी दिलं. पण सात-आठ दिवसांत सगळी गेली. दोनदा असंच झालं. शेवटच्या वेळी टॉर्च लावून पाहिलं, तर पोटं अगदी रिकामी. फार जीव तुटला.

आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक जीवांची) ताजी पिल्लंसुद्धा त्यांच्या तोंडात मावत नसावीत. मग मधले दिवस कशावर काढायचे, पॅरामिशियम (एकपेशीय जीव) की व्हिनेगर ईल (व्हिनेगरमधले बारीक कृमी)? नर घरट्याची राखण करतो, पण पिल्लं पोहायला लागल्यावर त्याला काढायचा का? पाणी रोज थोडं बदलायचं की हातच लावायचा नाही?

हे मासे नसले तरी गुरामी माशांची बारीक पिल्लं ज्यांनी वाढवलीत, त्यांनीही सांगा. नर पुन्हा मॉसपाशी घुटमळतोय, त्यामुळे जरा लवकर उत्तर मिळालं तर बरं होईल.