चीनचं 2008: ऑलिंपिक आठवायचं की बेइच्वान?

रोजनिशी (धागाकर्ता):
2008 म्हटलं की चीनबद्दल एकच दिवस निघतो. 8 ऑगस्ट, रात्रीचे आठ, बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन, 2008 वादक एका ठेक्यात. आठ हा त्यांचा शुभ आकडा. मला मात्र त्या वर्षाचा दिवस 12 मे वाटतो.

दुपारी 2 वाजून 28 मिनिटांनी सिचुआन प्रांत भूकंपाने हादरला, त्यातच बेइच्वान उद्ध्वस्त झालं. मृत 69 हजारांवर, बेपत्ता सुमारे 18 हजार. शाळा भरलेल्या होत्या. कित्येक ठिकाणी आजूबाजूच्या इमारती उभ्या आणि शाळेचा तेवढा ढिगारा. असल्या बांधकामाला तिकडे 'तोफूचा चोथा' म्हणतात. एक मूल धोरणामुळे बऱ्याच घरांत ते एकच लेकरू होतं. आईबाप फोटो छातीशी धरून रस्त्यावर आले. आधी त्यांचं ऐकून घेतलं, मग पैसे देऊन गप्प बसवायला सुरुवात झाली. चौकशीची मागणी लावून धरणाऱ्यांना पोलिसांनी उचललं. आणि तीन महिन्यांत आतषबाजी! त्या सोहळ्याने बाकीचं वर्ष झाकून टाकलं, असं माझं मत. पटत नसेल तर खोडून काढा.

पोलादी_पंखा:
खोडतोच. तुम्ही अर्धंच वर्ष सांगितलंत. पंतप्रधान वेन जियाबाओ त्याच दिवशी सिचुआनात पोचले होते. लाखाच्या वर सैनिक ढिगारे उपसायला उतरले. जपानचं बचावपथक आत घेतलं, आणि ते सुद्धा जुना वैरी असलेल्या जपानचं! पुढे एकेका सधन प्रांताकडे एकेक उद्ध्वस्त जिल्हा सोपवला, बेइच्वान शांडोंगकडे. जुनं बेइच्वान अवशेष म्हणून तसंच ठेवलं आणि नवं गाव दुसऱ्या जागी वसवलं, तेही अडीच-तीन वर्षांत. नोव्हेंबरात मंदीवर उतारा म्हणून 4 लाख कोटी युआनचं पॅकेज आलं, त्यातला जवळपास चौथा हिस्सा भूकंपाच्या पुनर्बांधणीला. हे झाकणं असेल तर असं झाकणारं सरकार कोणाला नको?

स्वाती_डोंबिवली:
पंखाजी, गाव बांधलं हे मान्य. पण शाळा का पडल्या, हे विचारणाऱ्यांचं काय झालं? आय वेवे हा कलावंत ऑलिंपिकच्या बर्ड्स नेस्ट स्टेडियमच्या रचनेत स्विस वास्तुकारांचा सल्लागार होता. तोच पुढे माणसं जमवून सिचुआनात दारोदार फिरला आणि मेलेल्या मुलांची नावं लिहून काढली, पाच हजारांहून जास्त. सरकारने आपला आकडा दिला तो वर्ष उलटत आल्यावर: 5,335. आय वेवेचा ब्लॉग बंद झाला, सिचुआनच्या राजधानीत, छंग्दूत, पोलिसांनी डोक्यात मारलं आणि मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. स्टेडियम आणि ती यादी, दोन्हींत हात एकाच माणसाचा. म्हणून 'हे आठवायचं की ते' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, सॉरी रोजनिशी.

रोजनिशी:
सॉरी कशाला, मुद्दा बिनतोड आहे. पण स्टेडियम जगाने पाहिलं, यादी किती जणांनी?

चहाटळ:
बिंद्राचं सुवर्ण 11 ऑगस्टला, एवढंच मला आठवतं. आणि हो, चीनची तेव्हाची 51 सुवर्णं आता 48 आहेत. तीन वेटलिफ्टर बायकांची पदकं 2017 मध्ये काढून घेतली. चालू द्या.

तासगावचा_बेदाणा:
त्या मे महिन्यात कारखान्याच्या कामासाठी शांघायजवळ होतो. 19 तारखेला दुपारी 2:28 ला भोंगे सुरू झाले. शेडमधली मशीनं थांबली, बाहेर रस्त्यावरच्या गाड्या जागेवर उभ्या राहून हॉर्न वाजवत होत्या, तीन मिनिटं. आमचा दुभाषा, एरवी सतत बडबडणारा, मान खाली घालून उभा. तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता, सामान्य माणसांसाठी पहिल्यांदाच. ऑलिंपिकची ज्योत सुद्धा थांबवली होती. तो दुभाषा ऑगस्टमध्ये मेलवर मेल पाठवून पदकं मोजत होता. त्याला दोन्हीत काही विसंगती वाटत नव्हती. आपणही किल्लारीला ट्रक भरून धान्य पाठवलं आणि त्याच वर्षी दिवाळी केलीच की.

रोजनिशी:
बेदाणा, लोकांनी सण करू नये असं मी कुठे म्हणालो? माझा राग राज्यकर्त्यांवर आहे. दुधाचंच बघा. पाणी घातलेल्या दुधात प्रथिनं कमी भरतात. तपासणीत मोजतात नायट्रोजन, म्हणून त्यात मेलामाइन हे नायट्रोजन असलेलं रसायन घालायचं. शिज्याझ्वांगच्या सानलू कंपनीच्या पावडरीने तान्ह्या मुलांना मूतखडे झाले. सुमारे तीन लाख मुलं आजारी, सहा दगावली. कंपनीने शहराच्या अधिकाऱ्यांना कळवलं 2 ऑगस्टला. त्यांनी वर प्रांताला कळवलं 9 सप्टेंबरला. मधे काय होतं? 8 ते 24 ऑगस्ट ऑलिंपिक! त्या पाच आठवड्यांत किती बाटल्या भरल्या गेल्या असतील?

पोलादी_पंखा:
दुधाच्या बाबतीत बचाव करणार नाही. दोघांना फाशी आणि सानलूच्या अध्यक्षबाईंना जन्मठेप झाली, एवढं नोंदवतो. भेसळीसाठी आपल्याकडे इतकी शिक्षा झालेली दाखवा.

स्वाती_डोंबिवली:
शिक्षेचं म्हणाल तर, ऑलिंपिकच्या वेळी निदर्शनांसाठी बीजिंगमधल्या तीन बागा नेमून दिल्या होत्या. अर्ज आले 77, परवानगी शून्य. सत्तरी उलटलेल्या दोन म्हाताऱ्यांनी घर पाडल्याची तक्रार मांडायला अर्ज केला, तर त्यांनाच एक वर्ष श्रमातून पुनर्शिक्षणाची (खटल्याविना मजुरीच्या छावणीत डांबण्याची) शिक्षा सुनावली. फाशी देणारं आणि ही शिक्षा सुनावणारं सरकार एकच.

तासगावचा_बेदाणा:
जानेवारीचं बर्फ कोणीच काढलं नाही. ऐन वसंतोत्सवाच्या (चिनी नववर्षाच्या) तोंडावर दक्षिणेत विजेच्या तारा बर्फाने तुटल्या, गाड्या ठप्प, ग्वांगचौ स्टेशनाबाहेर लाखो मजूर अडकले. तेव्हा वेन जियाबाओ छांगशा स्टेशनात हातात भोंगा धरून लोकांची माफी मागत होते. आमचा दुभाषा त्या गर्दीत चार दिवस होता. माफीचं विचारलं तर म्हणाला, मागितली खरी, पण गाडी पाचव्या दिवशीच आली.